वसूल, बाकी

बत्तीस वर्षं बाबांच्या टेबलावर ती पाटी होती :
य. रा. ताम्हाणे, रिकव्हरी.
पुढचं 'ऑफिसर' पुसून पुसून गेलेलं.
रावपुऱ्यात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे.
"रिकव्हरीवाळा साहेब आव्या"
एवढं म्हणत, आणि दुकानाचं शटर
अर्ध्यावर ओढून घेत.

आता हिरलबेन त्यांचा उजवा हात उचलते, सोडते.
हात ओल्या टॉवेलसारखा खाली येतो.
"रिकव्हरी सारी छे, काका."
बाबा माझ्याकडे बघतात :
कोणाची? किती? कुठल्या खात्यात?

शब्द आहेत, पण जागा बदलून बसलेत.
पाणी हवं असलं की 'चौकट' म्हणतात.
मला 'वहिनी' म्हणाले दोन दिवस.
पहिल्या दिवशी मी हसले.

रात्री त्यांचाच जुना कोश काढते,
पाठीला चिकटपट्टी, कडांना कसर.
त्यात हा शब्द आधी
मूर्च्छेतून शुद्धीवर येणाऱ्याचा आहे.
मग कोर्टात जातो :
गेलेली जमीन निवाड्यानं परत घेणे.
तलवारबाजीत, वार पुरा झाल्यावर
पाय मागे घेऊन पुन्हा पहिल्या पवित्र्यात उभं राहणे.
शिकारी कुत्र्याला हरवलेला वास पुन्हा लागणे, तेही हेच.
मूळ लॅटिन. परत मिळवणे.
कोणाकडून, ते कोशात नाही.

आपल्याकडे हे सगळं एका शब्दात मावत नाही.
माणूस वसूल होत नाही, कर्ज बरं होत नाही.
ताप उतरतो, औषधाचा गुण येतो,
जीव सावरतो, सावरतो म्हणता म्हणता कलंडतो.
'वसूल' अरबी वाटेनं आला.
तिकडे त्याचा अर्थ नुसता पोचणे.
पत्र पोचलं. पाहुणा पोचला.
आमच्या घरी येईपर्यंत
त्याच्या काखेत फाईल होती.

चौऱ्याण्णव साली मकरपुऱ्यातून बाबांनी
जशुभाई पांचाळचं लेथ मशीन उचलून आणलं.
टेम्पोत चढवताना त्याचा मुलगा
मशीनवर ठेवलेला आपला डबा मागत राहिला.
आई सांगायची, त्या रात्री हे जेवले नाहीत.
मला आठवतं, जेवले होते.
आमटी दोनदा मागून घेतली.

काल हिरलबेननं चित्रं दाखवली.
किल्ली. घोडा. छत्री.
छत्रीशी बाबा बराच वेळ थांबले.
मग स्वच्छ, बँकेतल्या आवाजात :
"पांचाळ. जशुभाई मगनलाल.
अठरा हजार चारशे."
हिरलबेननं टाळ्या वाजवल्या,
"जुओ, नंबर पण बोल्या!"
आणि कार्डावर त्या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

आज शाळा सुटल्यावर मी मकरपुऱ्याला जाऊन आले.
काय विचारणार होते, ठरवलं नव्हतं.
शेडच्या जागी टाइल्सचं गोदाम आहे.
चहावाला म्हणाला,
"ए तो क्यारना गया. वापी, के अंकलेश्वर."
चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत,
सुटे नव्हते म्हणून.

बाबा गॅलरीत बसलेत, मूठ मिटून.
उजवी मूठ आता आपली आपण उघडत नाही.
रोज वीस वेळा उघडायची, असं सांगितलंय.
मी एकेक बोट सरळ करते,
करंगळीपासून, अंगठा शेवटी.
सोडलं की पुन्हा मिटतं.
"बाबा, नाही सापडले ते," मी सांगते.
"चौकट," बाबा म्हणतात.
मी पाणी आणते. ते नको असतं.
सतरा. अठरा.
तळव्यावर नखांचे चार चंद्र,
आत काही नाही.